लेव्हल रायरांचा ट्रायपॉड

तंजावरला बदली झाली तेव्हा बँकेतल्या अनुभवी मंडळींनी मला बरंच काही ऐकवलं होतं. पोळीचं तोंड दिसणार नाही, उकाड्याने जीव जाईल, रिक्षावाल्याशी धड भांडताही येणार नाही. पहिल्याच दिवशी कोणी माझ्या पलंगात खोट काढेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

सामान लावून मी जरा टेकले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे घरमालक जिना चढून वर आले. साठी उलटलेली, उंच, सडपातळ, पांढरी लुंगीवजा वेष्टी, इस्त्रीचा सदरा आणि हातात गवंडी वापरतात ती पाणसळ. नमस्कार झाला. मग त्यांनी ती पाणसळ माझ्या पलंगाच्या कडेवर ठेवली. काचेतला बुडबुडा एका बाजूला पळाला तसे चुकचुकले, खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून पलंगाच्या एका पायाखाली सारली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिथेच ओणवे राहिले.

"उतारावर निजलांत तर सकाळीं डोकें जड होतें, अम्मा," एवढंच म्हणून ते खाली गेले.

मला राग आला होता. बत्तीस वर्षांच्या बाईला अम्मा म्हणतात, न विचारता पलंगाला हात लावतात, हे काय माणूस आहे! त्या रात्री मला झोप मात्र छान लागली. त्याचं श्रेय मी प्रवासाच्या शिणवट्याला दिलं आणि अजूनही तिथेच ठेवलं आहे.

त्यांचं पाळण्यातलं नाव घरपट्टीच्या पावतीपुरतं होतं. तंजावरच्या मराठी घरांतल्या रावांना तमिळ लोक रायर म्हणतात, आणि यांनी उभा जन्म पाटबंधारे खात्यात कालव्यांची पातळी मोजण्यात घालवलेला. त्यामुळे सगळ्या गल्लीला ते लेव्हल रायर. घरात मराठी, दारात तमिळ आणि चिडले की इंग्रजी अशी त्यांची वाटणी होती. मराठी आपलीच, पण पणजोबांच्या काळातली, आणि हेल असा की मी पहिला महिनाभर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत असे. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, त्यांच्या पत्नीला, कमलाक्कांनाही नाही. कमलाक्कांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मेतकूट, डांगर, गोडा मसाला अशी नावं होती, पण सगळी तमिळ अक्षरांत. मी ते डबे वास घेऊन ओळखत असे.

रायरांची नोकरीतली एक गोष्ट मला त्यांच्या तोंडून नाही, कमलाक्कांकडून कळली. पापनाशमच्या बाजूला दोन गावांचं कालव्याच्या पाण्यावरून हाडवैर होतं. वरचे पाणी अडवतात असं खालचे म्हणत, खालच्यांचा पाट मुळातच उंच आहे असं वरचे म्हणत. काठ्या निघाल्या होत्या. रायर आपली डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, घेऊन गेले, बांधावर स्टँड रोवला, मोजणी केली, आणि निकाल काही सांगेचनात. दोन्ही गावच्या कारभाऱ्यांना एकेक करून काचेला डोळा लावायला लावलं. पलीकडे उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा त्यांचा त्यांनीच वाचायचा. वाचला. खालच्यांचा पाट खरोखरच उंच निघाला आणि मग खोदायला दोन्ही गावची माणसं आली. साहेबांनी विचारलं, तुम्हीच का नाही सांगून टाकलंत? रायरांचं उत्तर असं, की मी सांगितलं तर ते माझं होतं, त्यांनी बघितलं तर त्यांचं.

हा त्यांचा स्वभावच होता. सांगायचं नाही, दाखवायचं. आणि स्वतःही दुसऱ्याचं ऐकायचं नाही, बघायचं.

निवृत्त झाल्यावर हे बघणं पाखरांकडे वळलं. पाखरांशी माझा संबंध कावळा, चिमणी आणि पोपट इथवर. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून तळ्याकाठी चिखलात उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वगैरे वाटण्याचा प्रश्न नव्हता. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि कमलाक्का मला इडल्या देत असत, म्हणून मी कधी कधी त्यांना तिरुवैयारूपर्यंत सोडायची. तिथून कोळ्ळिडम नदीचा पूल ओलांडून पलीकडे गेलं की एक मोठी एरी लागते. एरी म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेलं पुरातन तळं. पाऊस सरला की ती काठोकाठ भरलेली असते आणि हिमालय ओलांडून आलेले हंस तिच्या पार मधल्या पाण्यात उतरतात. पट्टकदंब. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. रायरांना बाकी सगळी पाखरं आवडत, पण जीव या हंसांवर होता. साध्या डोळ्यांनी ते राखाडी ठिपके दिसतात. पट्टे दिसले तरच हंस बघितला, असा त्यांचा कायदा होता.

मी गेले त्याच वर्षी त्यांना हे पट्टे दिसेनासे झाले. डोळे चांगले होते. हात थरथरायला लागले होते.

सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून झाली. मग दोन्ही हात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि इंग्रजीत एक नाव सांगितलं, ते नाव रायरांनी घरात कधी उच्चारलं नाही. कॉफीचा पेला अर्धाच भरून घ्यायला लागले. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागायचा, पण कमलाक्का मदतीला पुढे झाल्या की ते एक पाऊल मागे सरत. एकदा जेवताना ताकाची वाटी हिंदकळली आणि कमलाक्कांनी ती धरायला हात पुढे केला, तर रायर म्हणाले, "कोणि धरूं नये." आवाज चढवला नव्हता, पण कमलाक्कांनी हात मागे घेतला आणि मी पानात बघत राहिले.

दुर्बीण डोळ्यांना लावली की तळं, झाडं, पाखरं सगळी नाचायची. त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकून बघितलं, झाडाला टेकून बघितलं, बांधावर पालथं पडूनही बघितलं. मी एकदा म्हटलं, मी धरते दुर्बीण, तुम्ही फक्त डोळे लावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तसं बोलले नाही. "जें हलतें तें खरें दिसत नाहीं," एवढंच म्हणाले आणि दुर्बीण डब्यात घातली. ती नंतर बरेच दिवस बाहेर आली नाही. माणूस दिवसभर ओट्यावर, म्हणजे त्यांच्या भाषेत तिण्णैवर, बसून रस्ता बघायला लागला. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाईट वाटायला लागलं होतं, हे मी इथे कबूल करते.

त्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा अमेरिकेहून आला. मुलगा हुशार. बापाचे हात त्याने बघितले आणि परत जाऊन कोणा येणाऱ्याबरोबर एक स्पॉटिंग स्कोप पाठवून दिला. एकाच डोळ्याने बघायची, जाड नळकांड्यासारखी दुर्बीण, पण पाखरू कितीतरी पटींनी जवळ आणणारी. ती हातात धरून बघायचीच नसते, स्टँडवर बसवायची असते. स्टँड मात्र वजनाचं निमित्त होऊन तिकडेच राहिला. मुलाने फोनवर सांगितलं, की आता देश खुला झालाय, ट्रायपॉड काय, कुठेही मिळेल.

हे वाक्य पुढे आमच्या घरात बरेच दिवस वाजत राहिलं. देश खुला झाला होता खरा. गल्लीत केबल आली होती, बेकरीत परदेशी चॉकलेटं आली होती, कोपऱ्यावरच्या वाण्याने काचेचं दार बसवलं होतं. पण दुर्बीण तोलणारा ट्रायपॉड तंजावरात कुठे मिळतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिला ट्रायपॉड मीच चेन्नईहून आणला. ॲल्युमिनियमचा, चकचकीत, हलका. मला वाटलं, हलका म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उचलायला बरा. रायरांनी तो गच्चीवर उभा केला, स्कोप चढवला, समोरच्या देवळाच्या शिखरावरचा कबुतरांचा थवा धरला आणि नळीला नुसतं बोट लावलं. मलाही बघायला लावलं. देऊळ, कबुतरं, आकाश, सगळं भूकंप झाल्यासारखं. वाऱ्याची झुळूक आली तरी तेच.

"अम्मा, दुर्बीण पाखराला जवळ आणते तशी माझ्या हाताची थरथरही जवळ आणते," असं त्यांनी मला समजावलं. स्कोप जितका ताकदीचा तितका पाय जड हवा. माझा चकचकीत ट्रायपॉड नंतर कमलाक्कांनी मोगऱ्याच्या वेलाला दिला. वेल चांगला चढला.

मग रायर बाजारात निघाले. मी बरोबर होते, आणि त्या दिवशी मी जे बघितलं ते कुठल्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकवत असतील तर मला ठाऊक नाही. स्टेशनजवळच्या फोटोच्या दुकानात मालकाने चार ट्रायपॉड मांडले. रायरांनी चौघांचे पाय पूर्ण लांब करायला लावले, कारण आखूड असताना सगळेच शहाणे. मधला दांडा ज्याचा वर काढावा लागतो तो लगेच बाजूला केला. तीन पायांवर उभं राहायचं आणि शेवटी भार एका काठीवर टाकायचा, हा कसला शहाणपणा, असं त्यांनी मालकाला विचारलं. मग खिशातून एक उथळ स्टीलची वाटी काढली आणि ट्रायपॉडच्या डोक्यावर ठेवली. पाणी मालकाला ओतायला लावलं, कारण आपल्या हाताने ते सांडेल हे त्यांना माहीत होतं. वाटीत पाणी स्थिर झालं की पायाला टिचकी मारायची आणि पाणी पुन्हा शांत व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. लगेच शांत झालं तर पाय चांगला. कुठल्याच ट्रायपॉडवर ते लगेच शांत होत नव्हतं. मालकाचं काउंटर ओलं झालं, गिऱ्हाइकं जमली, आणि दोघा-तिघांनी आपलंही घड्याळ पुढे करून वेळ धरायला सुरुवात केली. मालक हताश झाला होता, तरी शेवटी तोच वाकून पाण्याकडे बघत बसला.

पायांइतकीच त्यांना काळजी डोक्याची होती. पायांवर जो वळणारा भाग बसतो त्याला इंग्रजीत हेड म्हणतात. रायर त्याला मान म्हणत, कारण वळते ती मान. एका ट्रायपॉडची मान गोटीची होती. एक स्क्रू सैल केला की गोटी मोकळी होऊन स्कोप धाडकन एका अंगाला कलंडायचा. ज्याचा हात थरथरतो त्याने या गोटीच्या नादी लागू नये. दुसऱ्याची मान घट्ट केली तरी हात काढल्यावर हळूच खाली यायची. पाखरू मधोमध धरावं, हात काढावा, तर समोर चिखल. रायरांना हवी होती अशी मान, जी एका लांब दांड्याने वर-खाली आणि आडवी वळेल, दाटपणाने वळेल, म्हणजे हाताचे बारीक झटके ती गिळून टाकेल, आणि सोडली की सोडली तिथे राहील. तशी मान त्या दुकानात नव्हती, कुंभकोणमला नव्हती, त्रिचीलाही नव्हती.

पण हार मानतील ते रायर कसले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर डंपी लेव्हलचा सागवानी स्टँड पडून होता. तो त्यांनी आणवला, घासला, तेल पाजलं, पायांच्या लोखंडी टोकांना धार लावून घेतली. वीणा करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून फणसाच्या लाकडाची बैठक करून घेतली आणि तिच्यावर स्कोप आवळला. गच्चीवर उभा केला. टिचकी मारली. वाटीतलं पाणी हललं की नाही तेच कळेना. रायर त्या स्टँडभोवती फेऱ्या मारत होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कॉफी मागून घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एरीवर गेलो. हंस अजून आले नव्हते. रायरांनी स्टँड रोवला, पाय टाचेने दाबून चिखलात बसवले, स्कोप फिरवला आणि पलीकडच्या काठावरचे शेकाटे, बगळे, उघड्या चोचीचे बलाक एकेक करून दाखवायला लागले. खरंच स्पष्ट दिसत होते. माझ्यासारखीलाही गंमत वाटली. मी विचारलं, की त्या उंच ताडावर काहीतरी मोठं बसलंय ते काय? रायरांनी स्कोप तिकडे वळवला. मग वर उचलायला गेले. स्कोप वर होईना.

होणार कसा? पातळी मोजायच्या स्टँडला मान वर करता येत नाही. त्याला फक्त आडवं फिरता येतं, कारण त्याचं कामच आडवं बघण्याचं. आणि रायरांनी सगळा विचार केला होता, पाय, लाकूड, वजन, वारा, पण मान वर करावी लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पुढचा पाय आत ओढून बघितलं, तेव्हा सगळा डोलारा पाण्यात जाता जाता वाचला. ताडावरचं ते मोठं काहीतरी तेवढ्यात उडून गेलं.

कमलाक्का बांधावर बसून हसत होत्या. "साऱ्या जन्मांत यांनीं वर म्हणून पाहिलें नाहीं," त्या मला म्हणाल्या. "लग्नांत मला पाहायला आले तेव्हांही जमिनीची पातळी बघत होते." रायर ओशाळले, मग स्वतःच हसले. हात थरथरायला लागल्यापासून मी त्यांना मोकळं हसताना तेव्हाच बघितलं.

हंस यायचे दिवस जवळ आले होते. आडवं बघूनही हंस दिसले असते, कारण ते पाण्यावरच उतरतात. पण त्यांच्यावर बारीक नेम धरायला स्कोप किंचित उचलावा-झुकवावा लागतो, आणि ते करायला दरवेळी कोणीतरी तो जड स्टँड धरून पाय सरकवायला हवा होता. म्हणजे पुन्हा कोणीतरी धरणं आलंच. रायरांनी स्टँड माळ्यावर ठेवून दिला आणि पुन्हा तिण्णैवर बसले.

त्याच सुमाराला गल्लीत एक लग्न झालं. नव्या पैशाचं लग्न, त्यामुळे व्हिडिओवाला आलाच. सेल्वम त्याचं नाव, आमच्या शाखेत त्याचं खातं होतं. मुहूर्ताची घटका आली, सनई आणि ढोल एकदम वाजायला लागले, सगळे अक्षता घेऊन उभे राहिले, आणि रायर मंडपाकडे पाठ करून सेल्वमच्या ट्रायपॉडकडे बघत होते. काळा, जाडजूड, मांडीइतके पाय. सेल्वमच्या मामाने सिंगापूरहून आणलेला. सेल्वम लांब दांडा धरून कॅमेरा नवरदेवाकडून नवरीकडे नेत होता, आणि कॅमेरा असा सरकत होता की सुरू कुठे झाला आणि थांबला कुठे ते कळू नये.

मंगळसूत्र बांधून झालं तसे रायर पुढे झाले आणि सेल्वमला म्हणाले, की जरा दांडा सोडून दे. त्याला वाटलं काही बिघडलंय. त्याने दांडा सोडला. मान जिथे होती तिथेच राहिली. रायरांनी आपल्या थरथरत्या हाताने दांडा धरला, हळूच वर केला, हळूच आडवा नेला. सेल्वमने नंतर मला सांगितलं, की मान आत दाट तेलात बसवलेली असते म्हणून असं होतं. त्या वेळी दिसलं ते एवढंच. रायरांचा हात थरथरत होता आणि दांड्याच्या पलीकडे काहीच थरथरत नव्हतं.

ट्रायपॉड विकत किंवा भाड्याने द्यायला सेल्वमने साफ नकार दिला. त्याचंही खरं होतं. त्याच्या पोटावर पाय येणार. रोज लग्न, रोज शूटिंग. रायरांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभर रायरांच्या घरात ट्रायपॉड हा शब्द निघाला नाही. मग एका संध्याकाळी कमलाक्का तिण्णैवर बसून फुलं ओवत होत्या. रायर आत होते. मी बँकेतून आलेली. कमलाक्का दोऱ्याकडे बघत अगदी सहज म्हणाल्या, "मार्गळींत कोण लग्न करतो गे? मग त्याचा स्टँड घरींच पडला असेल कीं."

मी तशीच उलटी फिरून सेल्वमच्या दुकानात गेले.

मार्गळी म्हणजे तमिळ पंचांगातला मार्गशीर्षाच्या आसपासचा महिना. देवाचा महिना. पहाटे रांगोळ्या, देवळात भजनं, प्रसादाला गरम पोंगल, पण लग्नकार्य मात्र एक नाही. सगळी मंगल कार्यालयं बंद, सगळे व्हिडिओवाले मोकळे. आणि नेमके त्याच महिन्यात हंस आलेले असतात. हे साऱ्या तंजावरला ठाऊक होतं, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं कमलाक्कांनाच सुचलं. सेल्वमने डोक्याला हात लावला. ट्रायपॉड तर दिलाच, वर लग्नाची व्हॅनही काढली, कारण तीही रिकामीच उभी होती.

अशा रीतीने, दोन्ही बाजूंना गुलाबाच्या माळा आणि नवरा-नवरी रंगवलेल्या व्हॅनमधून आम्ही हंस बघायला गेलो. वाटेतल्या गावांतून पोरं मागे धावत होती. या महिन्यात कोणाचं लग्न, म्हणून बायका दारात येऊन उभ्या राहत होत्या.

रायरांनी त्या सकाळी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते. ट्रायपॉडचे पाय त्यांनी पूर्ण लांब केले नाहीत, खालचे पातळ तुकडे आतच ठेवले, आणि स्वतः स्टुलावर बसले. उभं राहून बघण्यापेक्षा बुटका ट्रायपॉड आणि बसलेला माणूस, दोघेही कमी हलतात. एक पाय तळ्याकडे रोखला, म्हणजे त्यांच्या मांड्यांना उरलेल्या दोन पायांमध्ये जागा झाली. मधल्या हुकाला कापडी पिशवीत वाळू भरून टांगली, आणि ती वाऱ्यावर झुलू नये म्हणून तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकवला. स्कोपचा स्क्रू कॅमेऱ्याच्या पट्टीत नीट बसला. मग दांडा धरला, हंसांचा ठिपका शोधला, आणि हात काढून घेतले. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. मगच डोळा लावला.

कमलाक्का त्यांच्याकडे बघत होत्या, तळ्याकडे नाही.

"दोन्ही पट्टे," रायर म्हणाले. "दोन्ही दिसतात."

मग दिवसभर एरीवर जत्रा भरली. भाताची निंदणी करून परतणाऱ्या बायका, शेळ्या राखणारा म्हातारा, सायकलवरचा मास्तर, ज्याला बघायचं त्याला रायरांनी स्टुलावर बसवलं. ते स्वतः काही सांगत नव्हते. काय दिसतं ते ज्याचं त्याने सांगायचं. शेळीवाला म्हणाला, की त्यांच्या डोक्याला पट्टी बांधल्यासारखं दिसतंय. रायरांनी मान डोलावली. मी बघितलं तेव्हा एक हंस पंख उचलून काखेत चोच घालत होता, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या पाखराकडे अजून थोडा वेळ बघावंसं वाटलं.

त्या महिन्यात ते जमेल तितक्या सकाळी गेले. महिना संपला, पोंगलचा सण उजाडला, लग्नं सुरू झाली, तेव्हा ट्रायपॉड त्यांनी सेल्वमला परत केला. त्याआधी दोन दिवस तिण्णैवर बसून त्याचा कण न कण पुसला. स्क्रू घट्ट केले, पायांच्या कड्यांतली वाळू ब्रशने काढली. थरथरत्या हातांनी ते काम किती चेंगट होत असेल, पण मदत घेतली नाही. सेल्वम म्हणाला, की मामाने आणला तेव्हाही हा इतका चांगला नव्हता. पुढच्या मार्गळीत तो मागण्याआधीच घेऊन आला.

त्या पुढच्या मार्गळीपर्यंत मधले महिने रायरांना जड गेले. पावलं अडखळायला लागली, आवाज बारीक झाला. माझी बदली साताऱ्याला झाली होती, आठवड्यात निघायचं होतं. निघण्याआधीच्या रविवारी आम्ही तेवढेच तिघं आणि व्हॅन चालवायला सेल्वम, असे एरीवर गेलो. सेल्वमने सगळं सांगितल्याप्रमाणे मांडलं, कारण आता वाळूची पिशवी रायरांना उचलत नव्हती. तेवढं त्यांनी चालवून घेतलं होतं. पण दांडा त्यांनीच धरला, हंस त्यांनीच शोधले, हात पाठीमागे नेले आणि डोळा लावला.

आणि मग मागे झाले. पुन्हा पुढे झुकले. पुन्हा मागे.

आता डोकं थरथरत होतं. स्कोप जागचा हलत नव्हता, हंस जागचे हलत नव्हते, पण त्या छोट्याशा गोल काचेसमोर डोळा टिकत नव्हता. काच डोळ्याच्या उजवीकडून डावीकडे जात होती. याला वाळूची पिशवी काय करणार आणि तेलातली मान काय करणार? सेल्वम उगाच व्हॅनकडे गेला. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी चपलेचा चिखल काढत बसले. कमलाक्का हलल्या नाहीत. त्यांना आता या बाबतीत पुढे व्हायचं नसतं हे पाठ झालं होतं.

रायर स्टुलावर तसेच बसून राहिले. समोर पाणी चमकत होतं आणि पार मधे ते राखाडी ठिपके होते. मग त्यांनी मागे न बघता हाक मारली.

"कमला. इकडे ये. डोकें धर."

त्या उठल्या, पदर खोचला, त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही तळवे त्यांनी रायरांच्या कानांवरून गालांपर्यंत लावले आणि आपलं पोट त्यांच्या पाठीला टेकवलं. रायर पुढे झुकले तशा त्याही झुकल्या. डोळा काचेला लागला. एकदा निसटला, त्यांनी तळवे थोडे घट्ट केले, पुन्हा लागला.

"हलूं नको," रायर म्हणाले.

"मी नाहीं हलत," कमलाक्का म्हणाल्या. "तुम्हि बघा."

तशा वाकलेल्या असताना त्यांना हंस काय, तळंही नीट दिसत नसणार. रायर काचेतून बघत बारीक आवाजात त्यांना एकेक सांगायला लागले, कुठला पाण्यात आहे, कुठला काठावर आला, कुठला मान पाठीत घालून झोपला आहे. आणि त्या त्यांचं डोकं धरून, डोळे मिटून ऐकत होत्या.